ओळंब्याच्या फेऱ्या

९ जानेवारी २०२६, शुक्रवार. मळवली

शिवाजीनगरहून साडेनऊची लोकल पकडली. पावणेअकराला मळवलीला उतरले. बंगल्याची देखभाल करणारे मारुतीभाऊ मोटरसायकल घेऊन आले होते. माझी बॅग त्यांनी पुढे टाकीवर घेतली आणि सगळी वाट भाताबद्दल बोलत राहिले. भात निघाला आहे. त्याच ओलीवर आता वाल आणि पावटा उभा आहे. समोर लोहगड, विसापूर. ऊन छान होते.

बंगला म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, पडवी आणि अंगण. मालक मुंबईला असतात. वरदने, माझ्या नवऱ्याने, तो सप्टेंबरपासून भाड्याने घेतला होता, मे अखेरपर्यंत. ऑगस्टमध्ये सासूबाई गेल्या. त्यानंतर त्याला पुण्यातला आवाज सहन होईना, म्हणून इथे राहून काम करत होता. मी एकदाही आले नाही. त्याने तीनदा बोलावले होते. तिसऱ्यांदा म्हणाला, ये, एक गंमत दाखवतो.

२१ नोव्हेंबरला सकाळी इथेच, अंगणातल्या खुर्चीत तो गेला. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिले.

मारुतीभाऊंच्या पत्नी लीलाबाईंनी जेवण पाठवले. इंद्रायणी तांदळाचा भात, पावट्याची उसळ. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. भांडी न्यायला आल्या तेव्हा मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "साहेब रोज म्हनायचे, बाई येनार, बाई येनार. आलात एकदाच्या." मी रिकामी भांडी पुढे केली. त्यांनीच विषय बदलला.

खोली झाडून घेतली. बरे वाटले.

११ जानेवारी, रविवार

वरदचे सामान दोन दिवस पाहते आहे. जे शोधायला आले ते मिळालेले नाही. काय शोधते आहे ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे डोके शांत होईल.

दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात. जवळ येतील तशी फेरी लहान होते, ओढ वाढते आणि शेवटी दोघांचे एक होते. त्या वेळी ज्या लाटा उठतात त्या परदेशातली यंत्रे टिपतात. आमचा पुण्यातला लहानसा गट त्या नोंदींवर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत तपासतो. आईन्स्टाईनच्या गणिताने लाट कशी हवी ते काढायचे आणि नोंदीतून वजा करायचे. खाली नुसता गोंगाट उरला तर सिद्धांत टिकला. काही आकार उरला तर आधी आपली चूक शोधायची. उरते त्याला आम्ही शेष म्हणतो. शेष काढण्याचा प्रोग्राम माझा आहे. वरद आणि मी याच कामात भेटलो.

गट जागा आहे का ते पाहण्यासाठी आमच्यात एक रीत आहे. मधूनमधून एकजण नोंदीत गुपचूप खोटी लाट मिसळतो. कोणती, केव्हा, हे कागदावर लिहून बंद पाकीट गटप्रमुख माधवी मॅडमच्या कपाटात ठेवतो आणि संगणकातल्या खुणा पुसतो, कोणी डोकावू नये म्हणून. काहीच न मिसळता कोरा कागद ठेवण्याचीही मुभा असते. या खेपेला पाळी वरदची होती.

ऑक्टोबरच्या नोंदीत एक लाट सापडली. तिच्या शेवटच्या फेऱ्या आईन्स्टाईनच्या हिशोबापेक्षा लवकर आटपल्या होत्या. दुसरी दुरुस्त केलेली गणिते आहेत, त्यांतल्या एकाशी ती नेमकी जुळली. वरद गेल्यावर, डिसेंबरात, पाकीट उघडले. आत कोरा कागद. म्हणजे त्याने काहीच मिसळले नव्हते आणि लाट खरी आहे, नाहीतर मिसळली आणि मुद्दाम लिहिले नाही. पहिले खरे असेल तर इतका मोठा शोध आजवर लागलेला नाही. दुसरे खरे असेल तर ती लबाडी आहे. कँटीनमध्ये गटातला निलेश म्हणाला, "जाताजाता वरदने आईन्स्टाईनला टपली मारली." सगळे हसले. मी मागच्या टेबलावर होते हे त्यांना माहीत नव्हते.

६ फेब्रुवारीला बैठक आहे. तोपर्यंत काही मिळाले नाही तर लाट यादीतून काढतील आणि कारणात वरदचे नाव जाईल. माधवी मॅडम म्हणाल्या की रजा घे, तिथे जा, त्याने कुठेतरी टिपून ठेवले असेल. त्या चांगल्या आहेत. पण त्यांचाही विश्वास उरलेला नाही.

वरद खोटे करणार नाही. पण हे मी त्याची बायको म्हणून म्हणते. पुरावा नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. लीलाबाईंनी तिळगूळ आणून दिला. देताना क्षणभर थांबल्या, मग हातात न देता वाटीच कट्ट्यावर ठेवली. "घ्या ओ ताई, गोडाला काय कळतंय," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मारुतीभाऊ मूळचे गवंडी. मागच्या मोरीची भिंत नव्याने रचत आहेत. सकाळी अकरा दहाला त्यांनी मला हाक मारली. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, भिंतीवरून सोडला होता. दोरी सरळ खाली यायला हवी. ती करंगळीभर एका बाजूला होती आणि तिथेच थांबली होती. वारा नव्हता. झुलतही नव्हती. दहा अंक मोजेपर्यंत तशीच राहिली, मग हळूच सरळ झाली.

मारुतीभाऊ म्हणाले, "भित वाकडी न्हाई ताई, दोरीच वाकडी व्हती. मी सोडली तवापास्नं ह्या ओळंब्यानं धरली म्हना की दारू." स्वतःच मोठ्याने हसले. मग दोन वेळा दोरी तपासली.

दोरीला पीळ असेल.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी नऊ पंचवीस. अंगणात कपडे पिळत होते. बादलीतले पाणी एका बाजूला चढलेले दिसले. बादली सपाट फरशीवर होती. पाणी हलत नव्हते. तिरपे उभे होते. बारापर्यंत मोजले, मग ते सपाट झाले.

आधी आपली चूक शोधायची. रेल्वे पाहिली, त्या वेळी गाडी नव्हती. जवळच्या खाणीत सुरुंग लावतात का विचारले, मंगळवारी नाही. फरशी पातळीत आहे. माझा रक्तदाब शेजारच्या गावातल्या दवाखान्यात मोजून घेतला, ठीक आहे. आणि सुरुंगाने किंवा गाडीने पाणी हलते, तिरपे उभे राहत नाही. पाणी तिरपे उभे राहायला बाजूला काहीतरी जड असावे लागते. फारच जड.

मारुतीभाऊंकडे ओळंबा मागितला. ते म्हणाले, "साहेबांनीबी नेला व्हता. दसऱ्यानंतर. परत द्यायचं नाव न्हाई, मग मीच नवीन आनला."

आतल्या खोलीच्या तुळईला खिळा सापडला. खाली फरशीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. मधोमध एक टिंब आणि त्याच्या भोवती सात रेघा, प्रत्येक आधीच्या रेघेपेक्षा लांब. तारखा नाहीत. वरदला तारखा लिहाव्या लागत नसत, लक्षात राहत.

गंमत दाखवतो म्हणाला होता ती ही.

२५ जानेवारी, रविवार

त्याच खिळ्याला ओळंबा टांगला आहे. काल दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिले. एका जागी बसवत नाही. उठते, पडवीपर्यंत जाते, परत येते. आज सकाळी दहाला कलला. दोन बोटे. या वेळी दिशाही नीट पाहिली. बरोबर माझ्या डाव्या खांद्याच्या मागे.

मागे पाहिले. भिंत होती.

पहिले अंतर जवळजवळ सहा दिवस, दुसरे पाच. कलणे वाढत चालले आहे. हा आकार मी गेली अठरा वर्षे पाहते आहे. लॅपटॉपवर माझा प्रोग्राम उघडला आणि तीन आकडे घातले. फार कमी आहेत, पण उत्तर आले. पुढची फेरी गुरुवारी २९ला सकाळी साडेआठच्या सुमारास.

ते चुकावे असे वाटते.

२९ जानेवारी, गुरुवार

आठ पस्तीसला कलला.

तेवढ्यात लीलाबाईंची हाक आली म्हणून बाहेर धावले. अंगणात त्यांच्या पाच कोंबड्या होत्या. पाचही जणी चढावर उभ्या असाव्यात तशा एका अंगाला भार टाकून तिरप्या उभ्या होत्या. चढ नव्हता. पंखसुद्धा हलत नव्हते. मग पाचही एकदम सरळ झाल्या आणि दाणे टिपू लागल्या.

लीलाबाई म्हणाल्या, आजच्या आज एकवीरेला जाऊन या, नाहीतर माणसांत जाऊन ऱ्हावा. "हितं एकटं ऱ्हानं चांगलं न्हाई. साहेबबी आसंच बसायचे दोरीकडं बगत."

दुपारच्या लोकलने तळेगावला नणंदेकडे जाते आहे. ओळंबा खिळ्यावरच ठेवला. घराचे काही असेल तर घरात राहील.

१ फेब्रुवारी, रविवार. तळेगाव

इंद्रायणीकडे तीन दिवस बरे गेले. ती वरदची धाकटी बहीण, शाळेत शिकवते. सतत बोलते, मला ते चालते. सासूबाईंच्या आठवणी काढत होती. आईचं वजन शेवटी बावन्नवर आलं होतं, दादा तिला एकटा उचलायचा, म्हणाली. मी ऐकत होते.

आज सकाळी सात वीस. आम्ही दोघी टेबलाशी चहा घेत होतो. माझ्या कपातला चहा कलला. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. काठापर्यंत चढला, एक थेंब बशीत पडला. इंद्रायणीचा कप टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यात काही झाले नाही. मी हलले नाही. ती म्हणाली, "वहिनी, चहा पितेस की त्याचे पेपर तपासतेस?"

हसले. कप धुऊन ठेवला. बॅग भरली.

चूक सापडली. आमच्या धंद्यात यंत्र एका बाजूला असते आणि फिरणारी दोघे फार लांब. आपण लांबून पाहणारे, ही इतकी सवय झालेली आहे की मी स्वतःला यंत्र धरून चालले होते. पंधरा दिवस. म्हणून कोणत्या दोघांची फेरी आहे हे मी विचारलेच नाही.

त्या दोघांपैकी एक मी आहे.

इंद्रायणी थांब म्हणत होती. थांबले नाही. तिच्या घरात हे नको.

२ फेब्रुवारी, सोमवार. मळवली

रात्री झोपले. सकाळपासून हिशोब.

फेऱ्यांच्या वेळांवरून दोन्ही वस्तुमानांचे गुणोत्तर निघते. २.४ आले. तीनदा तपासले. एकक जुळवण्याचा प्रयत्न केला, ते जुळत नाही. इतक्या कमी वजनाने ओळंबा कलणे शक्य नाही. कोणत्याच गणितात नाही. पण गुणोत्तर तेच येते.

माझे वजन ५४. त्याच्या २.४ पट म्हणजे १३० किलो.

वरद ७१ किलोचा होता, सप्टेंबरच्या तपासणीत. मी ७१ यावे म्हणून धरून बसले होते. खरे सांगायचे तर तसे यावे असे मला वाटत होते. तो असेल तर भीती कशाची.

१३० आले.

म्हणजे तो एकटा नाही, त्याच्याभोवती फिरणाऱ्यात मिसळलेला आहे. दोघे मिसळतात तेव्हा बेरजेतला विसावा भाग लाटांमध्ये निघून जातो. तो परत मिळवला की १३७. त्यातून वरदचे ७१ गेले. उरले ६६. म्हणजे वरदभोवती जे फिरत होते ते ६६.

त्यातही तोच भाग मिळवला तर ६९. सासूबाई ५२.

उरले १७.

वजा करण्यासारखे माझ्याकडे आता कोणी नाही. शेष शून्य येत नाही. सतरा किलो. पाच वर्षांच्या मुलाचे असते तेवढे.

कोणाचे ते माहीत नाही. सासूबाई कोणासाठी रडत असत ते मी कधी विचारले नव्हते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सात चाळीस. ओळंबा टांगलेला होता, पण त्याची गरज उरली नाही. मी पडवीच्या पायरीवर बसले होते आणि मलाच एका बाजूला ओढ लागली. कोणी धरल्यासारखी नाही. उतारावर बसल्यासारखी. हाताने खांब धरला. वीस मोजले.

ओढ थंड नव्हती, वास नव्हता, आवाज नव्हता. नुसते वजन.

लीलाबाईंना विचारले की २१ नोव्हेंबरला काय पाहिले ते सांगा. आधी पदर तोंडाला लावून बसल्या. मग सांगितले. वरद लोखंडी खुर्चीत होता, मान खाली, झोपल्यासारखा. "खुर्चीचं पाय वीतभर जमिनीत गेलं व्हतं, ताई. ह्या जमिनीत पहार जात न्हाई." उचलायला मारुतीभाऊ आणि आणखी तिघे आले. चौघांना उचलेना. साहेब तर काटकुळे, म्हणाल्या. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत तासभर गेला, तेव्हा कुठे हलके झाले. ती चार भोके त्यांनी मातीने बुजवली आणि वरून सारवले. माझ्या नजरेस पडू नयेत म्हणून.

मारुतीभाऊ बाजूला उभे होते. म्हणाले, "आमी कुनाला बोललो न्हाई. कोन आमचं ऐकनार?"

मी ऐकले.

त्याच दिवशी, दुपारी

सहा फेऱ्या झाल्या. आता दोन्ही गणिते लावून पाहता येतात. आतापर्यंतच्या वेळा दोन्हींना चालतात. उद्या सकाळी साडेसातची फेरीही दोन्हीत आहे. फरक त्याच्या पुढे आहे.

आईन्स्टाईनच्या गणिताने अजून चार फेऱ्या आणि शेवट गुरुवारी संध्याकाळी सव्वाचारला.

ऑक्टोबरच्या लाटेशी जुळलेल्या गणिताने एकही फेरी नाही. शेवट उद्या, बुधवारी, सकाळी दहा पन्नासला.

दोन्ही ओळी वहीत उतरवून घेतल्या.

ही परीक्षा कोणी मिसळलेली नाही. पाकीट नाही. माझा प्रोग्राम, माझी वही, मारुतीभाऊंचा ओळंबा. उद्या दहा पन्नासनंतरही माझे लिहिणे चालू राहिले तर आईन्स्टाईन बरोबर. मग ऑक्टोबरची लाट खोटी आणि ती वरदनेच घातली.

दहा पन्नासला थांबले तर लाट खरी. वरदने कोरा कागद ठेवला कारण त्याने काहीच मिसळले नव्हते.

पळून उपयोग नाही. तळेगावात पाहिले.

आणि उपयोग असता तरी. हे लिहायला नको होते. लिहिले.

संध्याकाळी

हिशोबाची पाने फोटो काढून माधवी मॅडमना पाठवली. निरोपात एवढेच लिहिले की मळवलीची वही शुक्रवारच्या बैठकीआधी जरूर पाहा, शेवटची वेळ पाहा. त्यांनी लगेच फोन केला. बरी आहेस ना, विचारत होत्या. हो म्हणाले. जेवलीस का. हो. उद्या निलेशला पाठवते म्हणाल्या. दुपारी पाठवा, सांगितले.

इंद्रायणी, हे तुझ्यासाठी. मला शोधायला इथे येऊ नकोस. माझी वस्तू घरात ठेवू नकोस. तेराव्यापर्यंतही थांबू नकोस, शाळेत जा. आईसाठी वरद बसून राहिला, वरदसाठी मी. आठवत बसणाऱ्याभोवतीच हे फिरते. तुझी वेळ आली तर ते १३० नसेल. माझे धरून पावणेदोनशे असेल. रागाव माझ्यावर. राग चालेल. रडू नकोस.

४ फेब्रुवारी, बुधवार

७:३५. झाली.

पायरीवरून खाली घसरले. गुडघा फुटला. खांब धरला होता तरी. घरातली सगळी दारे एका बाजूला उघडली आणि तशीच राहिली—

तीस मोजले. मग मोजणे सोडले.

८:२०

मारुतीभाऊ आणि लीलाबाईंना कामशेतच्या बाजाराला पाठवले. लीलाबाई जात नव्हत्या. मग शपथ घातली. जाताना अंगणात पावट्याची टोपली ठेवून गेल्या. म्हणाल्या, येस्तोवर सोलून ठेवा, हात रिकामं नको.

कोंबड्याही नेल्या. मारुतीभाऊंनी न सांगता.

९:१०

पडवी. अंगण. परत पडवी. बसवत नाही.

भीती वाटते. ते लिहून ठेवते. मी खूप घाबरले आहे.

आणि तरी दहा पन्नासच यावे असे वाटते. गुरुवार नको. गुरुवार आला तर मी उद्यापर्यंत जिवंत असेन आणि वरद लबाड ठरेल. उद्याचा दिवस तसा कसा काढायचा—

९:४८

ऊन स्वच्छ आहे. एक्स्प्रेस वेचा आवाज येतो आहे. सगळे नेहमीसारखे. दोरी सरळ.

आईन्स्टाईनच्या बाजूनेही विचार करायला हवा. फेऱ्या फक्त सात. चूक असू शकते. एवढ्या कमी नोंदीवर निष्कर्ष काढला तर मीच दुसऱ्याला नापास केले असते. माधवी मॅडम, हे टिपणात घाला. एकच नोंद. आणखी हव्यात.

नको. आणखी नकोत.

१०:१५

वही गुडघ्यावर. अंगणात जमिनीवरच बसले आहे. खुर्ची आत ठेवली.

कलते आहे. आता थांबत नाही. आधी यायचे, जायचे. आता जात नाही. पेन्सिल कागदावरून घरंगळते, दर वेळी त्याच बाजूला—

उजवीकडे. हातभर अंतरावर. तिथे फक्त सारवलेली जमीन आहे.

१०:२९

जमिनीला तडा गेला. बारीक.

वरद, तूच असशील तर यात ७१ तुझे आहेत. बाकीच्यांना मी ओळखत नाही. सासूबाई, तुम्हाला ओळखते. त्या लहानग्याला—

त्याला कोणीतरी नाव विचारायला हवे होते.

१०:३६

फोन वाजतो आहे. इंद्रायणी. घेतला नाही. घेतला असता तर ती रडली असती.

१०:४१

हात रिकामे ठेववत नाहीत. पावटा सोलायला घेतला. टोपली डाव्या बाजूला ठेवली, उजवीकडे ठेवली तर शेंगा सरकतात.

शेंग मधोमध दाबली की उघडते. तीन दाणे, कधी चार. किडके वेगळे.

१०:४५

वाटी अर्धी झाली. बरे वाटते आहे. दाणे ओले आहेत, बोटांना हिरवा वास. मध्येच लिहिते, मध्येच सोलते.

अजून लिहिते आहे. म्हणजे अजून काही ठरलेले नाही.

१०:४८

आता टोपलीत दहाबारा शेंगा राहिल्या आहेत. एवढ्या सोलून होतील. साले एका बाजूला केली. यातली ही एक मोठी आहे, पाच दाणे असतील, उघडून पा